दाईच्या कुशीतली पिल्लं

लस फसल्याची बातमी आली तेव्हा डॉ. वृषाली खरमाळे एका माकडिणीची किडलेली दाढ उपटत होत्या. माकडीण भूल घेऊन गाढ झोपली होती. ताईंचा एक पाय टेबलाच्या दांडीला रोवलेला, दोन्ही हात चिमट्यावर, घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेला, आणि नेमके त्याच वेळी केंद्राचे संचालक डॉ. परिमल सबनीस दारात येऊन उभे राहिले. वाईट बातमी घेऊन येणाऱ्यांना थांबवत नाही हेच खरं.

"मॅडम, निकाल आलाय."

"थांबा हो जरा. दाढ येतेय."

"निम्म्या माकडांत लस चालली. निम्म्यांत नाही. म्हणजे अजिबातच नाही. पाणी टोचलं असतं तरी तेवढंच झालं असतं."

दाढ आली. वृषालीताईंनी ती ट्रेमध्ये टाकली, माकडिणीच्या तोंडात कापसाचा बोळा धरला आणि मग हळूच स्टुलावर बसल्या.

आता तुम्ही म्हणाल, निम्मं म्हणजे काही वाईट नाही, परीक्षेत पन्नास टक्क्यांना पेढे वाटतात. पण लशीचं तसं नसतं. एकाच वर्गातली निम्मी मुलं पैकीच्या पैकी मिळवतात आणि उरलेल्या निम्म्यांना भोपळा मिळतो, असं झालं तर मास्तर हुशार म्हणायचा की ढ? कुणालाच सांगता येत नाही. आणि जिचं काही सांगता येत नाही, अशी लस मंजुरी देणारी समिती माणसाच्या दंडाजवळ फिरकू देत नाही.

हे सगळं चाललं होतं दोडामार्गच्या डोंगरात, मोरवणे गावाबाहेरच्या मर्कट संवर्धन केंद्रात. माकडताप त्या भागाला नवा नव्हता. रानात गोचिडी, गोचिडींत विषाणू. गोचीड माकडाला चावली की माकड झाडाखाली मरून पडतं. माणसाला चावली की ताप, डोकं फुटेल इतकी कळ, आणि नशीब वाईट असेल तर नाकातोंडातून रक्त. वर्षानुवर्षं हा ताप काही गावांपुरता होता. मग उन्हाळे लांबले, गोचिडी घाट चढून वर गेल्या आणि विषाणूनेही रूप बदललं. जुनी औषधं त्याला जुमानेनात. भर हंगामात काजू गोळा करायला बागेत जायचं म्हणजे लोक दहादा विचार करायचे.

वृषालीताईंची एकुलती एक मुलगी ओवी त्याच रानात वनरक्षक होती. गेल्या हंगामात तिच्या नाक्यावरचे दोन सहकारी तापाने गेले. पानगळ सुरू झाली की गोचिडी चिकटायला लागतात, आणि पानगळ तर तोंडावर आली होती. नवी लस माणसाला सोसते हे आधीच ठरलं होतं. ती लागू पडते की नाही, एवढंच माकडांवरून ठरायचं होतं. ते आता ठरेना. म्हणजे ओवी यंदाही नुसतं गोचिडी पळवायचं तेल अंगाला चोपडून रानात जाणार. विज्ञानबिज्ञान सगळं ठीक आहे, वृषालीताईंच्या लेखी सगळी गोष्ट एवढीच होती.

*

त्या संध्याकाळी घरी ओवी ओट्याजवळ उभी राहून विळीवर नारळ खवायच्या गोष्टी करत होती आणि प्रत्यक्षात मोजे उलटे करून त्यांत गोचिडी शोधत होती. रानातून आलं की हे करावंच लागतं.

"लस नाही होणार यंदा," वृषालीताई म्हणाल्या. त्यांना आडवळणाने सांगायची सवय नव्हती.

ओवीचे हात थांबले. "का?"

"निम्म्यांत चालली. का चालली नाही ते कळत नाही."

"बरं." तिने मोजा झटकला. "तेलाचे डबे जास्त मागवते मग."

"बरं काय बरं? यंदा रानातली ड्यूटी सोड. ऑफिसात बस. मी बोलते तुझ्या साहेबांशी."

"आणि रानात कोण जाणार? मेलेली माकडं शोधायची, गावांना सावध करायचं, ते कोण करणार? तुझी दाई?"

झालं. दाईचं नाव निघालं की या मायलेकींचं जेवण कधी सुखाने व्हायचं नाही.

ही दाई काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. लशींची परीक्षा घ्यायला माकडं लागतात. उंदरात हा ताप माणसासारखा वागत नाही, माकडात वागतो. देशभर लशी आणि औषधं रांगेत उभी आणि माकडंच नाहीत, अशी स्थिती झाली. बाहेरून आणायची सोय उरली नव्हती, रानातून धरायला बंदी. तेव्हा वरून हुकूम आला: आहे ती वसाहत तीन वर्षांत तिप्पट करा. आता माकडीण म्हणजे काही कोंबडी नव्हे. तिला वर्षाला फार तर एक पिल्लू होतं, आणि ते अंगावर पीत असेतो ती सहसा पुन्हा गाभण राहत नाही. पिल्लू लवकर काढून घेतलं, तर ती लवकर पुन्हा राहते. पण काढून घेतलेलं पिल्लू जगवायचं कुणी?

तिथे वृषालीताईंनी डोकं चालवलं. पुण्याच्या अभियंत्यांना हाताशी धरून त्यांनी एक यंत्र बनवून घेतलं आणि त्याला नाव दिलं दाई. अंगावर मऊ केस, आत कोमट पाण्याच्या नळ्या, छातीत ठोके, आणि स्तनांत मोजून भरलेलं निर्जंतुक दूध. दाई श्वास घ्यायची, डुलायची, पिल्लू किरकिरलं की हात आवळून त्याला जवळ घ्यायची. तिसऱ्या दिवशी पिल्लू आईकडून काढायचं आणि दाईच्या छातीला लावायचं, असा नियम झाला. पिल्लं बिलगली, वजनं वाढली, दगावलं एकही नाही. वसाहत तिप्पट झाली. वृषालीताईंना पुरस्कार मिळाला, दाईबरोबर फोटो छापून आला. फोटोत दोघींपैकी दाईच जास्त प्रेमळ दिसते, असं ओवीने तेव्हा तोंडावर सांगितलं होतं.

"दाईला मध्ये आणू नकोस," वृषालीताई म्हणाल्या. "तीनशे पिल्लं वाचवून दाखवलीत मी."

"वाचवलीस की हिसकावलीस? आई, तू दुसरीचं पोर तिसऱ्या दिवशी काढून घेतेस आणि स्वतःचं सत्ताविसाव्या वर्षीही सोडत नाहीस."

वृषालीताईंना हे इतकं लागलं की त्यांनी आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातलं. ओवीने ती आमटी निमूटपणे खाल्ली. रागावलेली असली तरी मुलगी गुणाची होती.

*

पुढचे दिवस वृषालीताईंनी डोकं आपटून घेतलं. ज्या माकडांत लस चालली त्यांचा एक ढीग, ज्यांत नाही चालली त्यांचा दुसरा, आणि दोन्ही ढिगांत फरक काय, हे शोधायचं. वय तेच. वजन तेच. खाणं तेच, शेड त्याच, आईबापांची घराणी सारखी वाटलेली. लशीची बाटलीसुद्धा तीच. एखाद्या नवरदेवाची आणि नवरीची पत्रिका जुळावी तसं सगळं जुळत होतं, आणि इथे तेच नको होतं.

डॉ. सबनीसांनी त्यांच्या परीने तोडगा काढला होता. माणूस वाईट नव्हता. वरून विचारणा झाली की त्याला रात्रीचं जेवण जात नसे, एवढंच.

"आकडा कमी पडतोय, मॅडम. माकडं थोडी असली की असे गोंधळ होतात. आपण दुसरा टप्पा सुरू करू. अजून नऊ शेड, अजून दाया. पुढच्या वर्षी मोठी चाचणी घेऊ म्हणजे चित्र स्पष्ट होईल. वरची मंजुरी तयार आहे. दाईची योजना तुमची, तेव्हा तुमची सही लागेल."

"पुढच्या वर्षी?"

"लवकरात लवकर म्हणजे तेच."

"आणि किती पिल्लं काढायची आयांकडून?"

"सहाशे धरलीत."

तीन वर्षांपूर्वी त्यांनी ही सही हसत केली असती. आज त्यांना शेडमधला तो आवाज आठवत होता, पिल्लू काढून नेल्यावर माकडीण जाळीला तोंड लावून काढते तो. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: थोड्या माकडिणी थोडे दिवस रडतात, त्यातून हजारो आयांचं रडणं वाचतं. या उत्तरात खोट नव्हती. पण लसच जर फसली, तर हे रडणं कशापायी?

"जत्रा झाली की सांगते," त्या म्हणाल्या. "सोमवारी."

*

मोरवण्याच्या सातेरी देवीची जत्रा म्हणजे सगळा मुलूख लोटतो. गुळातल्या खाज्याची दुकानं, केळीचे घड, नारळांचे ढीग, बायकांची ओटी भरायची रांग. वृषालीताई दरवर्षी जायच्या. यंदा ओवीही बरोबर आली, पण दोघींत तीन पावलांचं अंतर ठेवून. ओटी भरून झाली. मावळतीचं ऊन देवळाच्या कौलांवर होतं आणि पालखी निघायची वेळ झाली होती.

पालखीचा पहिला खांदा गवसांचा. हा मान पिढ्यानपिढ्यांचा. यंदा गवसांतर्फे उभा होता बाबली गवस, केंद्रातला हेड कीपर. केंद्रात खाकी चड्डी आणि गमबुटांत वावरणारा बाबली आज कोरं धोतर, कपाळाला गंध, छाती पुढे, असा काही उभा होता की वृषालीताईंना हसूच आलं.

तेवढ्यात भिकाजी देसाई पुढे झाला. देसाई आणि गवसांचं या मानावरून जुनं वाकडं.

"थांबा!" भिकाजी ओरडला. "बाबल्यान पालखेक हात लावूचो नाय!"

"कित्याक?" पुजारी म्हणाला.

"कित्याक म्हणून काय इचारतास? ह्येच्या केंद्रात रोज एक माकडीण बाळंत होता. रोज नवा पिल्लू ह्येच्या हातात. माकड म्हणजे मारुतीची जात, मगे सुयेर लागणा नाय? बारा म्हयने सुयेरात असलेलो माणूस देवीक खांदो देतलो?"

लोक खो खो हसायला लागले. सुयेर म्हणजे आपल्याकडचं सोयर. घरात बाळ जन्मलं की दहा दिवस देवाच्या कार्याला हात लावायचा नाही, आणि सोयर असलेल्या बाळंतिणीला आणि बाळाला मानकऱ्याने शिवायचं नाही. भिकाजीने थट्टेत घातलं होतं, पण घाव मानावर होता. बाबलीचा चेहरा लालबुंद झाला.

"भिकाजी, तोंड सांभाळून बोल!" तो गरजला. "सातेरी आवशीच्या पायांची शपथ! धा दिवस होयपर्यंत एकाय पिल्लाक मी हात लावूक नाय! माज्या टोळीतल्या कोणी लावूक नाय! सुयेर सरला काय मगेच पिल्लू काढतो आमी. आज तीन वर्सां!"

आणि मग त्याची नजर वृषालीताईंवर पडली.

बाबलीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तीन वर्षं जी गोष्ट त्याने केंद्रात कुणाला कळू दिली नव्हती, ती त्याने सबंध गावासमोर, देवीच्या दारात, शपथेवर सांगून टाकली होती. वृषालीताईंच्या हातात खाज्याची पुडी होती. ती कधी खाली पडली ते त्यांना कळलं नाही.

"आई?" ओवी जवळ आली. "काय झालं? बरं नाही वाटत?"

"निम्मी," वृषालीताई म्हणाल्या. "अगं, निम्मी!"

केंद्रात कामाची वाटणी अशी होती: व्यायला झालेली माकडीण एका छोट्या खोलीत न्यायची. एक माकडीण बाबलीच्या टोळीकडे, पुढची ठेकेदाराच्या बाहेरगावच्या माणसांकडे, अशी आलटून पालटून. ठेकेदाराच्या माणसांना मोरवण्याच्या देवीशी काही देणंघेणं नव्हतं. ते तिसऱ्या दिवशी पिल्लू काढायचे. आणि वहीत नुसता दिवस लिहायचे, कोणाकडे कुठली माकडीण होती याची नोंद कुणी ठेवलीच नव्हती. नियम दोघांना एकच, मग नोंद कशाला?

पालखी उठली. बाबलीच्याच खांद्यावर उठली, कारण शपथ घेतल्यावर भिकाजीला बोलायला जागा राहिली नाही. वाजंत्री सुरू झाली, आणि पालखीखाली बाबली रडवेला होऊन चालत होता. आपली नोकरी गेली, हे त्याने मनाशी धरलंच होतं.

*

"मॅडम, रागावू नकात," दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसात उभा होता. "हातमोजे घालून लावलो हात तरी सुयेर लागताच. मान गेलो असतो. घराण्याचो मान."

"आणि तिसऱ्या दिवशी काढलं म्हणून खोटं कशाला लिहिलंत?"

"खरा लिवला असता तर तुमी ऐकला असतास?"

ऐकलं नसतं, हे वृषालीताईंना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून त्यांना जास्तच राग आला.

"बाबली, तुमच्या एका खांद्यापायी लस कचऱ्यात जात होती! कळतंय का? माणसं मेली असती. माझी पोरगी रानात आहे, तुमचे भाचे काजूत आहेत. एक शब्द सांगायचा होता, एक! मानकरी आहे, जमणार नाही, म्हणायचं होतं. मी दुसरा माणूस दिला असता!"

बाबली खाली मान घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मगे आता लस गेली?"

वृषालीताईंनी चष्मा काढून पुसला. "आता बघू या."

दाईच्या छातीत एक वजनकाटा होता. पहिल्यांदा कुठलं पिल्लू कधी बिलगलं हे तिला ठाऊक असायचं. तिला विचारायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांना आधीच माहीत होतं. आता विचारलं. निम्मी पिल्लं तिसऱ्या दिवशी बिलगली होती, म्हणजे ती ठेकेदाराच्या माणसांची. निम्मी अकराव्या, म्हणजे ती बाबलीच्या टोळीची. दोन याद्या शेजारी ठेवल्या, आणि लस चाललेली माकडं एकूण एक बाबलीच्या यादीत निघाली.

वृषालीताईंनी सबनीसांना बोलावलं आणि फळ्यावर काही न लिहिता, साध्या शब्दांत सांगितलं. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं आतडं कोरं असतं. आई चाटते, कुशीत घेते, दूध पाजते, त्यातून तिच्या अंगावरचे आणि दुधातले असंख्य जंतू त्याच्यात जातात. हे जंतू रोग करत नाहीत. उलट शरीरातल्या शिपायांना ते शिकवतात, आपला कोण आणि परका कोण. ही शाळा पहिल्या काही दिवसांतच भरते आणि मग बंद होते. दाईचं दूध निर्जंतुक होतं. तिची लव दररोज धुतलेली असायची. स्वच्छता हाच तिचा मोठा गुण म्हणून सगळीकडे मिरवलं होतं. तिसऱ्या दिवशी तिच्याकडे गेलेल्या पिल्लांची शाळाच बुडाली. ती दिसायला गुटगुटीत झाली, पण त्यांच्या शिपायांनी कधी परका बघितलाच नव्हता. लस त्यांना शत्रूचा फोटो दाखवत होती आणि ते बघून गप्प बसत होते.

"म्हणजे लस चांगली आहे," सबनीस म्हणाले.

"लस चांगली आहे. माकडं मी बिघडवली. माणसांची पोरं काही दाईकडे वाढत नाहीत."

सबनीस खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, याचा अर्थ तुमच्या लक्षात येतोय ना? तीन वर्षं आपण देशभर माकडं दिली. त्या सगळ्यांना कळवावं लागेल. दाईचं पेटंट, दुसरा टप्पा, नऊ शेड, सगळं गेलं. तुमचा पुरस्कारसुद्धा परत मागतील."

"मागू देत. भिंतीवर नाहीतरी तो वाकडाच लागलाय."

"आणि बाबलीचं काय करायचं? निलंबित करू?"

"समज द्या. लेखी, कडक. निलंबित करायचं तर आधी मला करा, नियम माझा होता."

सबनीसांनी कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाले, "कळवतो मी समितीला. आजच कळवतो. उद्यापर्यंत धीर राहील असं नाही."

*

समिती शहाणी होती. नुसत्या याद्यांवर विश्वास ठेवून ती हो म्हणणार नव्हती. दाई यायच्या आधीची, आईजवळच वाढलेली काही माकडं जुन्या शेडमध्ये होती. त्यांना लस द्या आणि दाखवा, असं तिने सांगितलं. मोठी आकडेमोड नको, थोडीच द्या, पण चोख द्या.

ते आठवडे वृषालीताईंनी कसे काढले, ते विचारू नका. पानगळ सुरू झाली होती. ओवी सकाळी तेल चोपडून निघायची, आणि वृषालीताई दारात उभ्या राहायच्या. पूर्वी त्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं. आता त्या फक्त म्हणायच्या, "पॅंट मोज्यात खोचलीस ना?" आणि ओवी पाय वर करून दाखवायची. रानात दोन माकडं मेलेली सापडली. शेजारच्या गावात एक बाई तापाने आजारी पडली.

दुसरा टप्पा थांबला होता. बाळंतखोलीतली पिल्लं आयांकडेच राहू द्यायची, असा हुकूम निघाला. दाईकडे असलेल्या लहानग्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. कित्येकांच्या आया त्यांना विसरल्या होत्या. बाबलीने आणि वृषालीताईंनी एकेक पिल्लू उचलून शेडमध्ये सोडून बघितलं. सगळ्या माकडिणींनी घेतलं असं नाही, काहींनी दात विचकले. पण दोन-तीन म्हाताऱ्या माकडिणी होत्या, ज्यांना आता पिल्लं होत नव्हती. त्या आल्या, पिल्लांना उलटसुलट करून बघितलं, आणि पोटाशी धरून कोपऱ्यात जाऊन बसल्या. वृषालीताई जाळीबाहेर उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. केवढं ओझं उतरलं होतं मनावरचं!

"मॅडम, म्हाताऱ्यांका दूध नाय," बाबली म्हणाला.

"बाटलीने पाजू आपण. कूस मिळाली ना, दुधाचं बघता येईल."

निकाल आला तेव्हा सबनीस या वेळी दारात थांबले नाहीत. धावत आत आले.

"चालली! सगळ्यांत चालली, मॅडम! एका म्हाताऱ्या नरात जरा कमी, बाकी सगळ्यांत!"

वृषालीताई उठल्या आणि त्यांनी संचालकसाहेबांना चक्क मिठी मारली. त्या आधी किंवा नंतर केंद्रात असं काही घडल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

*

जानेवारीत वनखात्याच्या लोकांना आणि काजूवाल्यांना लस टोचली. केंद्रातल्या माकडांची संख्या मुद्दाम घटवायची ठरली: थोडी, आईजवळ वाढलेली, आणि त्यांच्यावरच्या चाचण्या मोजक्या पण भरवशाच्या. वरच्यांना आधी पटत नव्हतं. तिप्पट बिघडलेल्यांपेक्षा एकपट धड माकडं कामाची, हे पुढे आकड्यांनीच त्यांना पटवलं.

फेब्रुवारीत काजू मोहरला आणि ओवीला ताप आला.

सकाळी तिच्या मांडीच्या मागे एक गोचीड सापडली होती, चार दिवस तरी चिकटून फुगून टम्म झालेली. दुपारपर्यंत अंग तापलं, डोकं दुखायला लागलं. वृषालीताईंनी तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. रक्त घेतलं, पाठवलं. आणि मग पलंगाशेजारी बसून राहिल्या. निम्म्यांत चालली, निम्म्यांत नाही, हे वाक्य त्यांच्या डोक्यात भुंग्यासारखं घोंगावत होतं. माणसांत पण निम्मी निघाली तर? एखादी गोष्ट आपल्याला अजूनही कळलेली नसेल तर? ज्ञान कितीही असो, पोरीच्या कपाळावर हात ठेवून बसलेल्या बाईला ते उपयोगाला येत नाही.

"आई, किती घट्ट धरलायस हात," ओवी म्हणाली. "मोडशील."

"असू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओवीला घाम फुटला. ताप उतरला. तिने डोळे उघडले आणि पहिली गोष्ट विचारली ती ही, की खायला काय आहे. थोड्या वेळाने प्रयोगशाळेचा फोन आला. वृषालीताई व्हरांड्यात जाऊन ऐकत राहिल्या. विषाणू अंगात शिरला होता, खुणा स्पष्ट होत्या. आणि लशीने शिकवलेल्या शिपायांनी त्याला पहिल्या दिवशीच गाठून संपवलं होतं. लस घेतलेल्या माणसाने खऱ्याखुऱ्या विषाणूला हरवल्याचा हा पहिलाच दाखला होता.

आत येऊन त्यांनी ओवीला सांगितलं.

ओवी ऐकत राहिली. मग उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्या चाचणीतलं शेवटचं माकड मीच म्हण की."

"गप्प बस, कार्टे!" वृषालीताई म्हणाल्या, आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता इतक्या रडल्या की नर्स धावत आली. तिला वाटलं, पेशंटचं काहीतरी वाईट झालं. पेशंट पलंगावर बसून आईची पाठ थोपटत होती.

"काही नाही हो," ओवी तिला म्हणाली. "माझी आई आहे. हिला जरा वेळ इथेच बसू द्या माझ्याजवळ."